लांडगिणीच्या वाटांचं घोंगडं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

घेतलं एकदाचं मला! मधल्या सुट्टीत पुण्याहून फोन आला. तिथल्या एका विज्ञान संस्थेत मार्चमध्ये प्रदर्शन आहे. शास्त्रज्ञांचं संशोधन घ्यायचं आणि त्यातून कलाकारांनी काहीतरी उभं करायचं, असा प्रकार. एकजण काचेच्या ताटल्यांत जंतू वाढवून त्यांची चित्रं करणार आहे म्हणे. एक बाई भूकंपाच्या नोंदींवर हलगी वाजवून घेणार आहे. आणि मी, सोलापूरची चित्रकलेची मास्तरीण, लांडगा विणणार आहे.

शाळेत कुणाला बोलले नाही. बोलले असते तर हेडमास्तर म्हणाले असते, बाई, आधी स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवा.

कल्पना माझीच आहे, हे इथं तरी लिहून ठेवते. वैजयंती मॅडम पुण्याच्या, पण गेली काही वर्षं आमच्या दक्षिण सोलापूरच्या माळावर लांडग्यांचा अभ्यास करतात. एका लांडगिणीच्या गळ्यात त्यांनी पट्टा घातलाय. ती कुठं आहे ते तो पट्टा दर थोड्या तासांनी उपग्रहाला कळवतो आणि मॅडमच्या संगणकावर ठिपका उमटतो. ठिपके जोडले की तिची वाट. ती वाट मी घोंगड्यात विणणार. काळ्या मेंढरांच्या लोकरीवर पांढऱ्या लोकरीची रेघ, रंग अजिबात नाही. आम्ही मेंढरं राखणारी माणसं, लांडगा म्हटलं की आमच्यात आधी काठी उचलतात. त्याच मेंढरांच्या लोकरीत लांडगीण चालवायची, हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच फिदा झाले होते.

अण्णाला फोन केला. अण्णा म्हणजे बिरप्पा, माझा थोरला भाऊ. वळसंगच्या पुढं वस्तीवर असतो, मेंढरं आणि थोडी ज्वारी. म्हणाला, "बरं. जेवलीस का?" संपलं. माझ्या कामाला तो 'उद्योग' म्हणतो. इतक्या वर्षांत माझं एक प्रदर्शन बघायला आला नाही. मला राग येतो, आणि या वयात राग येतो म्हणून आणखी राग येतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

वैजयंती मॅडम शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीवर आल्या. नेमका आजच नळाला पाणी यायचा दिवस, सगळीकडे बादल्या, घागरी. त्या बादल्यांच्या मधून वाट काढत आल्या आणि खुर्ची सोडून जमिनीवरच बसल्या. उन्हानं रापलेली बाई. बिनसाखरेचा चहा प्यायल्या.

माहिती देईन म्हणाल्या, पण अटी घातल्या. घोंगड्यावर गावाचं नाव नको. दिशा दाखवायची नाही. आणि सगळा नकाशा आरशात दिसतो तसा उलटा करायचा, डावीकडचं उजवीकडं. "एकदा उलटा केला की तिथं जन्मलेल्या माणसालाही ओळखू येत नाही. आम्ही करून पाहिलंय," म्हणाल्या.

मी विचारलं, एवढं कशाला? तेव्हा त्या हातांकडं बघत बोलल्या. "डिसेंबरात ती बीळ धरेल. पिल्लं झाली की सगळ्या रेषा एका जागी गोळा होतात. ती जागा लोकांना कळली की संपलं. बिळाच्या तोंडाशी काटे लावतात आणि धूर करतात. मागच्या वर्षी दुसऱ्या एका मादीचं तसंच झालं. मी पोचले तेव्हा अजून धूर निघत होता."

मी शब्द दिला. बिरोबाची आण घेऊन दिला.

जाताना दारात त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी मेंढरं आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत. पण मी सोलापुरात राहते." हे काय उत्तर झालं? त्या हसल्या आणि जिना उतरून गेल्या.

८ डिसेंबर, रविवार

वळसंगला रेवणप्पाकाकांकडं. घोंगडी विणणारा एवढाच एक माग आता तिथं चालू आहे. काकांची पोरं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात लागली. काका मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात आणि दिवसभर मला शिव्या घालतात. "असलं वाकडंतिकडं कुनी घोंगडं इनतंय व्हय? मेंढरू हागल्यागत दिसतंय."

ठिपक्यांचा नकाशा मी संगणकावर चौकटीच्या कागदासारखा करून घेतला, उलटा केला, मोठा छापून मागासमोर टांगला. एक चौकट, एक धागा. काका त्याप्रमाणं पांढरा धागा आत सोडतात. जिथं ती नुसती चालून गेली तिथं एकच धागा. जिथं रेंगाळली तिथं दोन, तीन. हाताला फुगवटा लागतो.

काका म्हणाले, "चुकू नको बरं का. ह्यात वरनं खालनं सारखंच येतंय, चूक लपत न्हाय." खरंच, मागाखाली वाकून बघितलं तर तिकडंही तीच रेघ, तितकीच स्वच्छ. भरतकामासारखा मागच्या बाजूला दोऱ्यांचा गुंता नाही. फार देखणं काम आहे. मला उगाच रडू आलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी रुपालीवैनीचा फोन. अण्णाच्या मेंढरांत लांडगा शिरला. जाळीच्या कुंपणावरून उडी मारून दोन गाभण मेंढ्या फाडल्या आणि एक कोकरू नेलं. वैनी फोनवर रडत होती, मागं अण्णा कुत्र्याला शिव्या देत होता.

फोन ठेवला आणि मी काय केलं? संगणक उघडला. मॅडमनी पाठवलेले ठिपके बघितले. होता. एक ठिपका बरोबर आमच्या वस्तीवर होता. म्हणजे तीच.

आता खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे? वैनीचं रडणं अजून कानात होतं, आणि तरी मनात आलं की ही रेघ आता माझ्या घरावरून जाणार, काय जबरदस्त जागा मिळाली! त्याच्या दोन गाभण मेंढ्या गेल्या आणि मी तीन धाग्यांची गाठ मोजत बसले. माझ्यात काहीतरी कमी आहे. नाहीतर जास्त आहे.

२२ डिसेंबर, रविवार

वस्तीवर जाऊन आले. मेंढ्या पुरल्या होत्या. वैनीनं भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, कुणी नीट जेवलं नाही. उरलेली मेंढरं नुसतं पान हललं तरी एकमेकांवर चढतात.

अण्णा बांधावर घेऊन गेला. बिडी पेटवली. मग म्हणाला, "दिपे, त्या पुन्याच्या बाईनं पट्टा घातलाय म्हनं लांडग्याच्या गळ्यात."

"हं."

"मग तिला ठावं असतंय की ती कुटं ऱ्हाती."

"असेल."

"आन् तुला?"

मी म्हटलं, "माझ्याकडं तसलं काही नसतं, अण्णा. मला नुसती चित्रं देतात." सख्ख्या भावाच्या तोंडावर मी खोटं बोलले.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "न्हाय सांगता येत तुला. सरकारी काम असंल. कागदावर सही घेतली असंल. मला कळतंय." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याच्याकडं बघू शकले नाही. तो समजूतदार झाला की मला जास्त त्रास होतो.

येताना एसटीत ठरवलं, नुकसानभरपाईच्या अर्जासाठी वैजयंती मॅडमना सांगायचं. सांगितलंही. त्या म्हणाल्या, मी स्वतः वनखात्यात बोलते. चांगली बाई आहे. सगळीच माणसं चांगली असली की मग काय करायचं?

६ जानेवारी, सोमवार

मॅडमचा संदेश आला, नुसते आनंदाचे पाच-सहा चेहरे आणि खाली एक फोटो. ओढ्याच्या काठाला बीळ, बिळासमोर ती, आणि तिच्या पोटाखाली काळपट गोळे. पिल्लं. चार तरी असतील. तिचे कान मागं पडलेत आणि डोळे मिटलेत. आपली एखादी दमलेली बाई दुपारी पोराला घेऊन कलंडते ना, अगदी तशी.

फोटो कुणाला दाखवू नकोस म्हणाल्या. माझ्यावर भरवसा टाकला म्हणून पाठवला.

घोंगड्यात ती जागा आली. सगळीकडून रेघा येतात आणि तिथं जुळतात. रेवणप्पाकाकांनी एवढे धागे सोडले की रुपयाएवढा पांढरा फुगवटा झालाय. अंधारातही हाताला सापडेल. हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे, आणि असं मी कधीच कुठल्या कामाबद्दल लिहिलेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

घोंगडं पुरं झालं, आणि आज देवालाही दाखवून झालं.

आमच्यात नवं घोंगडं कुणी तसंच वापरायला काढत नाही. आधी माळावरच्या बिरोबापुढं अंथरायचं, भंडारा उधळायचा, चार जाणती माणसं त्यावर टेकली की मग ते घोंगडं झालं. पुण्याला भिंतीवर टांगायचं असलं म्हणून काय झालं? लोकर आमच्याच मेंढरांची आहे. मी अण्णाला म्हटलं, देवाला दाखवल्याशिवाय मी पाठवणार नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला. "खरंच आनतीस?" म्हणाला. मी म्हटलं, आणते की.

भावकीतले पाच-सहा जण आले होते. महिपतीतात्या सगळ्यात म्हातारे, देवाचं तेच बघतात. घोंगडं मी स्वतः अंथरलं. तात्यांनी भंडारा टाकला आणि पोरांना म्हणाले, "पलटा रं. देवाला दोनी अंगं दाखवायची असत्यात." मग पलटलं, पुन्हा भंडारा पडला, सगळ्यांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं आणि कडेकडेनं टेकले.

आणि मग नवल झालं. मला वाटलं होतं, बघतील न बघतील आणि चहाला उठतील. तर कुणी उठेना. सगळे गप्प, खाली बघतायत. तात्या गुडघ्यावर पुढं सरकले आणि एका रेघेवरून बोट फिरवत राहिले. कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "ही आपली वाघर," म्हणजे मेंढरांची जाळी. दुसरा म्हणाला, "गप."

अण्णानं विचारलं, "दिपे, हे जाड का केलंस हितं?"

मी भाषण ठोकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं ना त्यानं! म्हटलं, ती जिथं नुसती जाते तिथं बारीक रेघ, जिथं थांबते तिथं जाड. आणि हा फुगवटा म्हणजे तिचं घर, तिथं ती परत परत येते. पोरांसाठी येते. कुणी हसलं नाही, कुणी 'उद्योग' म्हणालं नाही. मॅडमना दिलेला शब्द मी मोडला नाही, नकाशा उलटा आहे, यातलं कुणाच्या बापाला काही कळणार नाही. पण मन लावून बघणारी माणसं मिळाली, पुण्यामुंबईत तरी कुठं मिळतात?

अण्णानं फोन काढून घोंगड्याचा फोटो घेतला. माझ्या कामाचा फोटो, अण्णानं! मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लई मोटं काम केलंस, दिपे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आज खूप सुखात आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

अण्णाचा आपणहून फोन आला! कसं चाललंय विचारलं. मग म्हणाला, "ते घोंगडं आता पुन्याला जाईस्तवर कुनाला दावू नगं. घडी घालून ठिव." दृष्ट लागायची भीती वाटतेय त्याला माझ्या कामाला. मी दिवसभर एकटीच हसत होते. सातवीच्या पोरांपैकी आज कुणाला रागावले नाही, पोरं घाबरली.

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमचा फोन. पट्टा कालपासून हललेला नाही. बिळावर नाही, तिथून लांब. "कधीकधी गळून पडतो," म्हणाल्या, पण आवाज कोरडा होता. उद्या पहाटेच्या गाडीनं येतायत.

मी म्हटलं, गळून पडला असेल. नक्की गळून पडला असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टा एका पडक्या विहिरीत सापडला. त्याच्याबरोबर तीही.

मॅडम आणि वनखात्याची दोन माणसं बिळावर गेली. मीही गेले, शाळेत पोट दुखतंय असं कळवून. बिळाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या गच्च कोंबल्या होत्या. मिरच्या जाळल्याचा वास अजून येत होता. मॅडमनी फांद्या हातानं उपसल्या, मोजे घालायचं भान नव्हतं, हात रक्तबंबाळ झाले. पिल्लं अगदी आतल्या भिंतीला लागून होती, एकावर एक.

त्या रडल्या नाहीत. उन्हात मातीत बसून राहिल्या. मग मला विचारलं, "कसं कळलं गं त्यांना? आम्ही गाडी तिकडं न्यायचो नाही. पायवाट बदलून जायचो."

मी म्हटलं, राखणारी माणसं आहेत, माळ पालथा घालतात, दिसलं असेल. त्यांनी मान हलवली. "तू त्यांच्यातली आहेस. विचारून बघ. मला कुणाला तुरुंगात नाही टाकायचं. मला फक्त कळायला हवंय, माझं काय चुकलं."

९ फेब्रुवारी, रविवार

वस्तीवर गेले. रस्ताभर मनाशी घोकत होते, अण्णा नसेल, अण्णा तसा नाही.

रुपालीवैनीनं पायावर पाणी घातलं. पाटावर बसवलं. ओवाळलं. नवी इरकल साडी मांडीवर ठेवली, गर्द जांभळी, लाल काठाची. पुरणाचा स्वयंपाक होता. भावकीतल्या बायका येऊन जाऊन बघत होत्या. एकीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी म्हटलं, हे काय चाललंय?

अण्णा माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "आमी काय येडे हाय व्हय? तुला तोंडानं सांगता येत न्हवतं. म्हनून इनून आनलंस. देवाच्या म्होरं आनलंस. माज्या काळजाला लागलं, दिपे. मला वाटायचं ही आता सोलापूरची झाली, हिला आमचं काय. ती रात मी झोपलो न्हाय."

मग त्यानं फोटो दाखवला. माझंच घोंगडं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. ती ओढ्याकाठानं चालायची ती रेघ पूर्वेला जात होती. तिनं वळसा घातलेलं देऊळ त्याच्या जागेवर होतं. आमची वस्ती तिच्या जागेवर होती. मी कितीतरी वेळ बघत होते, मला कळेचना मी उलटा केलेला नकाशा सुलटा कसा झाला. आणि मग तात्यांचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. पलटा रं.

वरनं खालनं सारखंच.

सांगायला हवं होतं. अण्णा, मी नाही रे सांगितलं, मी तर लपवत होते, असं तिथंच म्हणायला हवं होतं. त्यानं असं कधी माझ्याकडं बघितलंच नव्हतं. वैनीनं ताटात पुरणाची पोळी वाढली आणि मी ती खाल्ली. तूप घेऊन खाल्ली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमचा फोन आला. विचारलं, काही कळलं का? मी म्हटलं, कुणी बोलत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या मनात एकदा तुझं घोंगडं येऊन गेलं. सॉरी. तू तर उलटं केलंयस." मी म्हटलं, "हो, उलटं केलंय."

खोटं नाही. ह्या शेवटच्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही, आणि माझ्यासारखी खोटारडी बाई सोलापुरात दुसरी नसेल.

प्रदर्शनातून नाव काढून घेते म्हणाले तर म्हणाल्या, "नको. आता ते एवढंच उरलंय तिचं. ते लावायचंच." बाभळीच्या काट्यांनी त्यांच्या हाताला पू झालाय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अण्णा पुण्याला येणार आहे! प्रदर्शनाला. मी नको नको म्हटलं, मेंढरांकडं कोण बघणार म्हटलं, तर म्हणाला वैनी बघंल. "भनीचं एवढं मोटं काम लागलंय आन् मी येऊ नगं?" जन्मभर ज्या गोष्टीची वाट बघितली ती आली आणि मला ताप भरल्यासारखं झालंय. त्याला बजावलंय, तिथं पट्ट्याची बाई असेल, तू तोंड उघडायचं नाहीस. म्हणाला, मला कळत न्हाय व्हय?

२ मार्च, रविवार

काल झालं सगळं. आज लिहितेय.

अण्णा नवा पटका बांधून आला होता. जंतूंच्या चित्रांपुढं उभा राहून म्हणाला, "हे तर बुरशी आल्यागत हाय." भूकंपाच्या हलगीला मात्र त्यानं पाय हलवला. मी त्यानं दिलेली साडी नेसले होते. घोंगडं शेवटच्या भिंतीवर, त्यावर एकच दिवा. मी सांगितलं तसंच लावलं होतं, उलटी बाजू समोर. खाली वैजयंती मॅडमनी लिहिलेली चार वाक्यं, ती कधी जन्मली आणि कधी मारली गेली. लोक वाचायचे आणि आवाज खाली करायचे.

अण्णाला वाचायची सवय नाही. तो घोंगड्यासमोर मान वाकडी करून उभा राहिला. मी कुणाशी तरी बोलत होते, अर्धं लक्ष त्याच्याकडं. तेवढ्यात त्यानं तिथल्या स्वयंसेवक मुलीला हाक मारली. अगदी अदबीनं. "पोरी, हे पालथं लावलंय तुमी. फिरवा की जरा. ओढा असा न्हाय जात, असा जातोय."

मॅडम त्याच्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठला ओढा, काका?"

त्याला वाटलं, कुणी हौशी बाई आहे. पुढं झाला. माझ्या कामाचा अभिमान त्याला आवरत नव्हता, एकेक जागा बोटानं दाखवू लागला. "ह्यो आमचा ओढा. हे देऊळ. ही माजी वाघर. आन् हितं..." आणि तिथं तो थांबला. अक्कल आहे त्याला. पण बोट त्या पांढऱ्या फुगवट्यावर जाऊन टेकलं होतं, ते उचलायचं त्याला सुधरलं नाही.

मॅडमनी त्या बोटाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग घोंगड्याचा कोपरा धरला आणि भिंतीपासून जरासा सोडवून मागं बघितलं.

"दोन्हीकडून सारखं असतं हे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"तू मला सांगितलं नाहीस."

"मला... माझ्या लक्षात आलं नाही."

"आणि नंतर? नंतर आलं ना?"

त्यांनी कोपरा अलगद सोडला, सुरकुती पडली होती ती हातानं सारखी केली आणि बाहेर निघून गेल्या. चप्पल दारातच राहिली त्यांची. कुणीतरी मागं नेऊन दिली.

आज सकाळच्या एसटीनं निघालो. इंदापूरला अण्णानं पाण्याची बाटली पुढं केली. मग म्हणाला, "ती बाई तीच व्हय? पट्ट्याची?"

"हो."

"माज्यामुळं तुज्यावर बालंट आलं. मी सांगतो तिला. तुजं नाव न्हाय घेनार. मीच हुडकलं म्हनतो. जाऊ दे मला आत, चार महिनं काय न् सहा महिनं काय."

तो हे इतकं सहज म्हणाला, जणू शेजारणीकडून पीठ आणतो. मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. मॅडमना दिलेला शब्द सांगितला. त्याला बांधावर खोटं बोलले ते सांगितलं. नकाशा उलटा मुद्दाम केला होता, कुणाला कळू नये म्हणून. घोंगडं देवाला दाखवायला आणलं ते नुसतं देवाला दाखवायलाच आणलं होतं.

त्यानं ऐकून घेतलं. टेंभुर्णी गेली. मग म्हणाला, "म्हंजे तू आमाला सांगायला न्हवती आलीस."

"नाही, अण्णा."

"समद्या भावकीला मी सांगितलं, माजी भन आमची हाय म्हनून."

मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं हात काढून घेतला नाही, पण त्या हातात जीवच नव्हता. त्यानं विचारलं, "मग तू तिच्याकडनं हुतीस?"

"तिच्याकडनंही नव्हते."

"मग कुनाकडनं?"

मला उत्तर माहीत होतं. मी घोंगड्याकडनं होते. ते चांगलं व्हावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्या मेंढ्या मेल्या तेव्हाही, तिला पिल्लं झाली तेव्हाही. हे त्याला सांगण्याची हिंमत झाली नाही, म्हणून वहीत लिहितेय.

सोलापूर स्टँडवर उतरलो. अक्कलकोटची गाडी लागलेलीच होती. मी म्हटलं, घरी चल, चहा घे, नंतरच्या गाडीनं जा. त्यानं माझी पिशवी उतरवून कट्ट्यावर ठेवली. शाळेत पोरांना सोडायला येणारे बाप उभे राहतात ना, पटका सारखा करत, हात जोडून, तसा उभा राहिला.

"नगं, बाई," म्हणाला. "तुमी जावा आता घरला."